बारा बापांचे पोळे

मधमाश्यांची राणी तरुणपणीच्या दोन-तीन आठवड्यांत एकदा किंवा फार तर दोन-चारदा पोळ्याबाहेर उडते. आकाशात ठराविक ठिकाणी नरांचे थवे घिरट्या घालत असतात. उडता उडताच ती त्यांच्याशी मीलन करते आणि घरी परतते. त्यानंतर जन्मभर ती नराकडे फिरकत नाही. तेवढ्यात मिळालेले शुक्राणू ती पोटातल्या मोहरीएवढ्या पिशवीत वर्षानुवर्षे जिवंत ठेवते. युरोपीय माशीची राणी ऐन हंगामात दिवसाला दीड हजार अंडी घालते, तीही याच साठ्यावर.

आता हिशेब पाहा. एका नराकडे एक कोटीच्या आसपास शुक्राणू असू शकतात आणि राणीच्या पिशवीत मावतात पन्नास-साठ लाख. म्हणजे एक नर पुरेसा आहे. तरीही युरोपीय राणी सरासरी बाराएक नरांशी मीलन करते. आपल्याकडची सातेरी मधमाशीही त्या बाबतीत मागे नाही. आणि कड्याकपारीत, उंच झाडांवर लोंबणाऱ्या आग्या माशीची तर गोष्टच निराळी. तिच्या एकेका पोळ्यात शंभराच्या आसपास पित्यांची लेकरे आढळली आहेत! बारा बापांचा म्हणून माणसे एकमेकांना शिव्या देतात. इथे बारा म्हणजे किरकोळ.

हे फुकटात होत नाही. नर मीलनाच्या क्षणीच मरतो, पण राणीही जीव धोक्यात घालते. वेडा राघू आणि कोतवाल हवेतच टपलेले असतात. राणी परतली नाही आणि पोळ्यात नवी राणी घडवण्याजोगी कोवळी अळी उरलेली नसेल, तर सगळी वसाहत संपते. मग हा उपद्व्याप कशासाठी?

जीवशास्त्राला बरीच वर्षे हा प्रश्न नीट पडलाच नाही. १९४८ मध्ये अँगस बेटमन यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून सांगितले की जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीला त्याचा फारसा लाभ नाही. हे पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा संततीची मोजणीच सदोष असल्याचे दिसले. आईबापांचे जनुकीय दोष एकत्र आलेली पिल्ले मोजण्याआधीच मरत होती. मधल्या काळात जेफ पार्कर यांनी १९७० मध्ये शुक्राणूंच्या स्पर्धेचा सिद्धान्त मांडला. १९७९ मध्ये जोनाथन वागे यांनी टाचणी या चतुराच्या भावकीतल्या कीटकात आणखी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. तिचा नर आधीच्या नराचे शुक्राणू मादीच्या शरीरातून खरवडून काढतो आणि मगच आपले सोडतो. हे संशोधन अव्वल दर्जाचे होते, पण त्यात मादी म्हणजे नुसते मैदान आणि खेळाडू फक्त नर. माझ्या मते खरी गंमत मैदानाच्या बाजूने पाहिल्यावरच कळते.

राणीचे उत्तर तिच्या लेकींच्या वागण्यात सापडते. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, साधारण ३२ ते ३६ अंश तापमान लागते. उकाडा वाढला की कामकरी माश्या पंखांनी वारा घालतात. सगळ्या एकाच बापाच्या असत्या, तर एकाच तापमानाला सगळ्या धावल्या असत्या आणि पोळे गार पडून एकदमच थांबल्या असत्या. बाप वेगवेगळे असल्याने कुणी लवकर सुरुवात करते, कुणी उशिरा. सिडनीच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की अशा मिश्र पोळ्यांचे तापमान जास्त स्थिर राहते. हीदर मॅटिला आणि थॉमस सीली यांनी २००७ मध्ये पंधरा नरांची आणि एका नराची अशी पोळी शेजारी ठेवली. मिश्र पोळ्यांनी भराभर मेणाचे कप्पे बांधले, जास्त अन्न साठवले आणि हिवाळाही अधिक चांगला काढला. रोगाच्या साथीतही मिश्र पोळे सहसा सगळे एकदम आडवे होत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सर्वांत पटते. फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, फलित अंड्यातून मादी. पण राणी आणि नर यांचा लिंग ठरवणारा जनुकप्रकार जुळला, तर फलित अंड्यांपैकी निम्म्यातून निरुपयोगी नर तयार होतात. कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. एकच नर निवडला आणि नेमका तोच जुळला, तर अर्धा पिलावा गेला. बाराजणांत एक जुळला तर नुकसान थोडक्यात आटोपते.

सगळ्याच माद्यांचे कारण एवढे दूरदर्शी नसते. डब्यातल्या चवळीला भोके पाडणारा भुंगेरा घ्या. त्याच्या नराचे जननांग काटेरी असते. मादी जखमी होते, लाथा झाडते. तरी ती पुन्हा मीलन करते, कारण नराकडून तिला भरपूर द्रव मिळतो आणि डब्यात दुसरे पाणी नाही. प्रयोगात पाणी पुरवले, तेव्हा तिची मीलनाची हौस कमी झाली.

उलट, स्क्रूवर्म या जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीची मादी बहुधा एकदाच मीलन करते. एडवर्ड निपलिंग यांनी या सवयीचा फायदा घेतला. वंध्य केलेले नर सोडून १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून त्या माशीचे उच्चाटन झाले. मादी अनेकदा मीलन करणारी असती, तर हे काम कदाचित अधिक कठीण गेले असते.

पुन्हा मधमाश्यांकडे येऊ. राणीला बारा नर हवेत, म्हणजे परिसरात निरनिराळ्या घराण्यांची पोळी हवीत. सातेरीच्या पेट्या ठेवणाऱ्यांनी एकाच राणीच्या वसाहती फोडून फोडून पेट्या वाढवत राहू नये, ते याचसाठी. इमारतीच्या सज्जाखाली आग्याने पोळे केले, तर तेही मशाल लावून जाळू नका. हंगाम सरला की आग्या सहसा स्वतःहून स्थलांतर करते. थांबणे शक्य नसेल, तर माश्या न मारता पोळे हलवणारा जाणकार शोधा.