एका पायाची सूज

पॅरिसच्या ‘ऑतेल द्यू’ रुग्णालयात आर्माँ त्रूसो नावाचे नामांकित डॉक्टर शिकवत असत. शिरांत विनाकारण रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, तर पोटात कर्करोग दडलेला असू शकतो, हे त्यांनी १८६५ मध्ये मांडले. १८६७ च्या प्रारंभी त्यांच्याच शिरेत गुठळी झाली. निदान त्यांचे त्यांनीच केले. त्याच जूनमध्ये पोटाच्या कर्करोगाने ते गेले.

असे का होते? कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारे एक प्रथिन स्वतःच तयार करतात. शिवाय या आगंतुकाशी झुंजताना शरीरात दाह पेटतो. त्याच्या सांगाव्यावरून यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवते, पांढऱ्या पेशी आपली जाळी फेकतात. जखम बुजवण्याची सारी तयारी, पण जखमच नाही! स्वादुपिंड व जठराच्या कर्करोगात हा धोका अधिक. केमोथेरपी आणि अंथरुणाला खिळणे त्यात भर घालते.

घरची माणसे मात्र सूज ‘अशक्तपणाची’ म्हणून तेल चोळत बसतात. तसे करू नये. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी दम लागला तर क्षणभरही थांबू नये. गुठळी फुप्फुसात पोचलेली असू शकते. त्रूसोंच्या हाती औषध नव्हते. आज सोनोग्राफीत गुठळी दिसते, हेपारिनची इंजेक्शने आहेत, गोळ्याही आहेत.