मराठवाड्याचा अविश्वास कुठून येतो?

मराठवाड्यात, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं राजूर गणपतीच्या देवस्थानासाठी ओळखलं जातं. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि रेडिओही तेव्हा निजाम सरकारचाच होता. इथला आजचा सरकारवरचा अविश्वास मात्र नंतरच्या, मोडलेल्या शब्दांतून आला आहे.

1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्या आणि शिक्षणात वाटा कबूल झाला. संविधानातल्या कलम 371(2) ने 1956 मध्ये वैधानिक विकास मंडळाची तरतूद केली. मंडळ प्रत्यक्षात आलं 1994 मध्ये! अडतीस वर्षं म्हणजे दीड पिढी. 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदतही संपली.

म्हणूनच 1 सप्टेंबर 2023 ला याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तेव्हा सरकारी खुलाशापेक्षा लोकांनी मोबाइलवरच्या चित्रफितींवर भरवसा ठेवला. पुढे गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी माफी मागितली.

रेडिओही सरकारपासून पुरता सुटा नाही. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती 1997 पासून कायद्याने स्वायत्त आहे, पण पगार केंद्राच्या अनुदानातून होतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, बातम्या द्यायच्याच तर त्यांना आकाशवाणीचंच बातमीपत्र पुन्हा ऐकवावं लागतं. त्यामुळे रेडिओवर दुसरी बाजू येतच नाही. माझ्या मते ही बंदी उठायला हवी. पण मोबाइलवरच्या चित्रफितींमध्ये अफवाही असतात, आणि त्या तपासणारा, गावाचा विश्वास असलेला स्थानिक बातमीदार तालुक्याला हवाच आहे.