विवाहपूर्व करार : लिहिलेली आणि न लिहिलेली कलमे

मराठी कुटुंबांत लग्न ठरले की ‘याद’ करण्याची रूढी आहे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठकीला बसतात. देणेघेणे, मानपान, कोणता खर्च कोणत्या पक्षाने करावयाचा, मुलीच्या अंगावर किती सोने घालावयाचे, हे सारे कागदावर उतरते. खाली सह्या होतात, कागदाला कुंकू लावले जाते. या कागदाकडे एक संहिता म्हणून पाहिल्यास दोन गोष्टी जाणवतात. त्यावर सहसा वधूची सही नसते आणि लग्नसोहळ्यापलीकडचा काळ त्यात येत नाही. पुढे विवाह मोडला तर घरदार, जमीनजुमला, साठवलेला पैसा यांचे काय, याविषयी याद काहीही बोलत नाही. हे मौन कायद्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण असते आणि विवाहविषयक साहित्याच्या तौलनिक वाचनात त्याची दखल घ्यावी लागते, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

विवाहापूर्वी वधूवरांनी आपापल्या संपत्तीची मालकी, वहिवाट आणि विभागणी यांविषयी केलेला करार म्हणजे विवाहपूर्व करार, अशी स्थूल व्याख्या करता येईल. परंतु असा करार नसतो तेव्हाही संपत्तीची काही एक व्यवस्था असतेच. पक्षांनी जी कलमे लिहिली नाहीत, ती कायद्याने आधीच लिहून ठेवलेली असतात. ही न लिहिलेली कलमे प्रदेशागणिक किती भिन्न असू शकतात, हे पाहण्यासाठी भारताबाहेर जाण्याची गरज नाही. गोवा आणि उर्वरित भारत यांची तुलना पुरेशी आहे.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. हिंदूंच्या काही रूढींना १८८०च्या हुकूमनाम्याने जागा ठेवली गेली, तरी विवाहातील संपत्तीविषयीची मूळ चौकट सर्वधर्मीयांसाठी एकच राहिली. १९६१च्या मुक्तीनंतरही १९६२च्या प्रशासन कायद्यान्वये ती चालू ठेवण्यात आली. या संहितेत वधूवरांना निवड करता येते : सर्व संपत्ती सामाईक, विवाहानंतर मिळवलेली तेवढीच सामाईक, संपूर्ण विभक्त, किंवा स्त्रीच्या दायजाची स्वतंत्र व्यवस्था. निवड करावयाची ती विवाहापूर्वी, अधिकृत दस्ताने. विवाहानंतर हा दस्त बदलता येत नाही. दस्त केलाच नाही तर सर्व संपत्ती सामाईक मानली जाते. माहेरची, सासरची, आधीची, नंतरची अशी सारी संपत्ती, थोडे अपवाद वगळता, दोघांची होते आणि घटस्फोटाच्या वेळी निम्मी निम्मी वाटली जाते. १९९४ साली आयकर कायद्यात ‘५ अ’ हे कलम घालून पतिपत्नींच्या उत्पन्नाची अशी विभागणी करविषयक कायद्यानेही मान्य केली.

या व्यवस्थेचे गुणगान करताना एक बाब मात्र नजरेआड होते. संहितेने मालकी दोघांना दिली, पण वहिवाट पतीकडे सोपवली. पत्नीकडे ती यावयाची ती पतीच्या अनुपस्थितीत किंवा असमर्थतेत. स्थावर मालमत्ता विकण्यास दोघांची संमती लागते, हा तिचा प्रमुख आधार. मालकी अर्धी आणि वहिवाट एकाची, असे हे समीकरण आहे.

उर्वरित भारतात हिंदू विवाहाने संपत्ती सामाईक होत नाही. ज्याच्या नावावर खरेदीखत, त्याची मालकी. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे २७वे कलम विवाहप्रसंगी वा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरते बोलते. वीस वर्षे दोघांनी मिळून चालवलेल्या संसारात पतीच्या नावावर उभे राहिलेले घर त्यात येत नाही. स्त्रीला पोटगी मागता येते, पण घराचा वाटा हक्क म्हणून मागता येत नाही. स्त्रीधन तेवढे निःसंशय तिचे. प्रतिभा राणी खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि विश्वासाने सोपवलेले स्त्रीधन गिळंकृत करणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असेही सांगितले.

मग हे मौन कराराने भरून काढावे, तर तेथेही अडचण आहे. हिंदू विवाह हा संस्कार मानला गेल्याने त्याआधीच्या करारांकडे न्यायालयांनी संशयाने पाहिले. पत्नीला तिच्या माहेरच्या घरातून कधीही नेणार नाही, म्हणजे आपण घरजावई होऊन राहू, असे पतीने विवाहापूर्वी लिहून दिले होते. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ते अग्राह्य ठरवले. १८७२च्या करार कायद्यातील ‘सार्वजनिक धोरण’ ही संकल्पना अशा करारांच्या आड येत राहिली. मुस्लिम विवाह मात्र मुळातच कराराच्या रूपाचा असल्याने मेहर आणि इतर अटी यांना निकाहनाम्यात स्थान असते.

या तुलनेतून असे दिसते की एकाच प्रकारचा कागद दोन ठिकाणी उलट परिणाम घडवू शकतो. गोव्यात संपत्ती विभक्त ठेवण्याचा दस्त, मौन राहिल्यास दुर्बल जोडीदाराला मिळाला असता तो अर्धा वाटा काढून घेतो. इतरत्र स्त्रीच्या वाट्याचा करार, मौनाने जे नाकारले ते देऊ पाहतो. ‘संपत्तीचे रक्षण’ हा शब्दप्रयोग म्हणूनच अपुरा आहे. कोणाच्या संपत्तीचे, कोणापासून, हे विचारावे लागते. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने रॅडमाखर विरुद्ध ग्रॅनातिनो या खटल्यात (२०१०) अशा कराराला निर्णायक वजन दिले. तेथे धनवान पक्ष पत्नीचा होता. तरीही न्यायपीठातील एकमेव स्त्री न्यायाधीश लेडी हेल यांनी भिन्नमत नोंदवताना दाखवून दिले की आर्थिकदृष्ट्या दुर्बल जोडीदाराला एरवी मिळाले असते ते नाकारणे हाच अशा करारांचा हेतू असतो, आणि हा जोडीदार बहुधा स्त्री असते.

साहित्यकृतींकडे या दृष्टीने पाहिले तर परिचित संहितांचा भार वेगळ्या ठिकाणी पडतो. काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१७००) या नाटकात मिलामंट आणि मिराबेल विवाहाच्या अटी ठरवतात तो चौथ्या अंकातील प्रवेश सर्वश्रुत आहे. पत्रे कोणाची विचारपूस न होता लिहिण्यापासून चहाच्या टेबलापर्यंत सारे त्यात येते. तथापि पाचव्या अंकात एका स्त्रीला वाचवतो तो वेगळाच कागद. श्रीमती फेनॉल यांनी विवाहापूर्वीच आपली संपत्ती मिराबेलकडे विश्वस्त म्हणून सोपवलेली असते. आधीच्या तारखेचा तो दस्त पुढे येताच पतीचा डाव फसतो. विवाहाने स्त्रीची संपत्ती पतीच्या ताब्यात जाण्याच्या त्या काळात विश्वस्त नेमणे हाच तिच्यापुढचा मार्ग होता. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा व्यापक कायदा तेथे १८८२ साली आला. श्रीमती फेनॉल यांना हे करता आले, कारण त्या विधवा होत्या आणि स्वतःच्या संपत्तीविषयी स्वतः सही करू शकत होत्या.

देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) मध्ये नेमकी हीच जागा रिकामी आहे. कांचनभट आणि भुजंगनाथ यांच्यात, भद्रेश्वराच्या मध्यस्थीने, व्यवहार ठरतो; शारदा त्याचा विषय आहे, पक्ष नाही. हा विवाह अखेरीस मोडतो तो सगोत्रतेच्या शास्त्रीय दोषामुळे. तिच्या असंमतीला शास्त्राचे वा कायद्याचे बळ तेथे नाही. बालजरठविवाहावरील टीका म्हणून हे नाटक आपण वाचत आलो. सही कोणाची, हा प्रश्न विचारला की ते यादीच्या रूढीवरचेही भाष्य ठरते.

हुंडाबंदी कायद्याखालील १९८५च्या नियमांनी विवाहप्रसंगी मिळालेल्या भेटींची यादी करण्यास सांगितले आणि तिच्यावर वधू व वर या दोघांच्या सह्या आवश्यक केल्या. ही तरतूद मर्यादित आहे. यादी भेटवस्तूंची आहे, पुढे उभ्या राहणाऱ्या संसाराची नाही. तरीही ज्या कागदावर आजवर वडीलधाऱ्यांनीच सह्या केल्या, त्याच जातीच्या कागदावर वधूची सही येते, हा बदल लहान नाही. त्याखालची न लिहिलेली कलमे तिला वाचून दाखवली जातात का, हे पाहणे पुढील काम आहे. ते कायद्याच्या अभ्यासकाइतकेच साहित्याच्या अभ्यासकाचेही आहे.