मोटारसायकलीचा मऊ पडलेला पुढचा ब्रेक

बैलाच्या खांद्यास गांठ आली असतां त्यास जुंपूं नये, हें आपणांपैकीं कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या मोटारसायकलीवरून आपण रोज मळ्यांत जातों, डेअरीस दूध घालतों व मुलांस शाळेंत पोंचवितों, तिचा पुढचा ब्रेक मऊ पडला असतां मात्र "पाहूं पुढच्या बाजारीं" असें म्हणून आपण तीच गाडी दामटीत राहतों. प्रस्तुत लेखकानेंही हेंच केलें. महसूल खात्यांत जन्म कारकुनींत गेल्यामुळें प्रकरण पुढें ढकलण्याची संवय अंगीं मुरलेली होती. ती पेन्शन घेतल्यावरही सुटली नाहीं.

एका गळीत हंगामांतली गोष्ट. पुतणीस मागें बसवून बारामतीहून निमगांव केतकीस निघालों होतों. काटेवाडी मागें पडली, दिवस मावळला होता. भवानीनगरच्या अलीकडे उंसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर पुढें चालला होता. मागें दिवा नाहीं कीं चमकणारी पट्टी नाहीं. त्यानें वेग एकाएकीं कमी केला. मीं लिव्हर दाबला, तो थेट मुठीस जाऊन टेकला. मागच्या ब्रेकवर पाय रोंवला तेव्हां गाडी आडवी सरकली आणि आम्ही दोघें कडेच्या मातींत उतरून कसेंबसें थांबलों. इजा झाली नाहीं. परंतु उंसाचे बुडखे माझ्या तोंडापासून दीड हातावर होते, आणि मागें बसलेली पोर बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर अंतर तोडते. लिव्हर सोडून दुसऱ्यांदा दाबण्यास तेवढाच वेळ लागतो.

तत्पूर्वीं पंधरा दिवस मीं ती गाडी एका मिस्त्र्यास दाखविली होती. त्यानें हँडलावरील डबींत तेल ओतलें, झांकण बसविलें व पैसे घेतले. डबी भरली, रोग जागच्या जागीं राहिला.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. ज्या गाडीचा पुढचा ब्रेक तारेनें ओढला जातो व चाकाच्या मध्यभागीं पत्र्याचा डबा दिसतो, त्या ड्रम ब्रेकास हा लेख लागूं नाहीं. त्याचा लिव्हर सैल झाला तर तार ताणली आहे किंवा आंतील पट्टे झिजले आहेत असें समजावें. येथें विचार करावयाचा तो तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकाचा. जपानच्या होंडा कंपनीनें १९६९ सालीं आपल्या सीबी ७५० या गाडीस पुढें असा ब्रेक बसविला, आणि आपल्याकडे १९९९ सालीं आलेल्या हिरो होंडा सीबीझेड या गाडीस तो होता. आतां तर खेड्यापाड्यांतल्या वाड्यावस्त्यांवरही तो पोंचला आहे. गाडी थांबवितांना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. पुढचा ब्रेक दाबला कीं गाडी पालथी होते, अशी समजूत आपल्याकडील जुन्या मंडळींत आहे. तिच्या पायीं कित्येकजण त्यास हातच लावीत नाहींत, आणि तो बिघडल्याचें त्यांस कळतही नाहीं.

त्याची रचना अवघड नाहीं. मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरांत लिव्हरानें एक दट्ट्या ढकलला जातो. तो दाब तेलांतून नळीवाटे खालीं कॅलिपरास पोंचतो. तेथील मोठा दट्ट्या दोन पॅडांच्या चिमट्यांत चाकाबरोबर फिरणारी तबकडी धरतो. बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडलेला सिद्धांत. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी लिफ्टही याच न्यायानें चालते. द्रव दाबून लहान होत नाहीं, हवा मात्र होते. नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं लिव्हराचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांतच खर्ची पडतो. बोटांस स्पंज दाबल्यासारखें लागतें तें यामुळें.

हें मला माझ्या पुतण्यानें एका वाक्यांत समजाविलें. "काका, ट्रॅक्टरचें डिझेल संपल्यावर एअर काढल्याशिवाय इंजिन चालूं होतें का?" तो म्हणाला. खरोखर, विहिरीवरच्या मोटारीनें हवा धरली तर फूटव्हॉल्व्ह तपासण्यास आपण पाण्यांत उतरतों; मग येथें नुसतें तेल ओतून कां थांबावें?

सबब दुसऱ्या दिवशीं आम्हीं प्रथम हवा शिरली कोठून याचा शोध घेतला. डबींतील तेल उतरलें म्हणजे तें गळालेंच असें नव्हे. पॅड झिजत जातात तसा खालचा दट्ट्या बाहेर येतो व त्याच्यामागें तेल राहतें, म्हणून डबींतील पातळी हळूहळू उतरते. आमच्या गाडीचे पॅड खुणेच्या चरेपर्यंत शाबूत होते. परंतु नळी कॅलिपरास जेथें जोडली आहे तेथें कालव्याच्या वाटेवरची धूळ ओली होऊन काळा थर बसला होता. बाकी नळी कोरडी. दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या चकत्या चेंबल्या होत्या. त्या बदलून नव्या घातल्या. त्यांची किंमत क्षुल्लक होती. गळती कोठेंच दिसत नसेल व लिव्हर घट्ट दाबून धरला असतां सावकाश आंत बसत जात असेल, तर मास्टर सिलिंडरांतील रबरी वायसर गेले असें समजून जाणत्या कारागिराकडे जावें.

नंतर हवा काढली. हँडल असें वळविलें कीं डबी समपातळींत आली. टाकीवर ओलें फडकें अंथरलें, कारण हें तेल रंग खातें. सांडल्यास पुसत न बसतां भरपूर पाण्यानें धुवावें. झांकणावरची धूळ पुसून मग तें उघडलें. झांकणावर डॉट ३ कीं डॉट ४ हें लिहिलेलें असतें. तेंच तेल नवीन, बंद बाटलींतलें घ्यावें. इंजिन ऑईल किंवा रॉकेल यांचा थेंबही घालूं नये, रबर फुगून सारा ब्रेक निकामी होतो.

कॅलिपरावर रबरी टोपीखालीं एक निपल असतें. आमच्या गाडीस त्यास ८ नंबरचा पाना लागला. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचें दुसरें टोंक थोडें तेल असलेल्या बाटलींत बुडविलें. पुतण्यानें लिव्हर तीनचार वेळां सावकाश दाबून दाबलेलाच धरला. मीं निपल पाव फेरा सैल केलें. तेल व बुडबुडे बाहेर आले, लिव्हर मुठीस टेकला, आणि मीं निपल आंवळल्यावरच त्यानें लिव्हर सोडला. हा क्रम चुकला कीं बाहेरची हवा उलट आंत ओढली जाते. डबी मध्येंच रिकामी होऊं दिली तर सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो. आम्हांस एकदां लागला, कारण शेजारी बोलावयास आले होते. वीस-पंचवीस वेळां केल्यावर बुडबुडे थांबले व चहाच्या रंगाचें जुनें तेल जाऊन पाण्यासारखें स्वच्छ येऊं लागलें.

तरीही लिव्हर किंचित् मऊच होता. हवा वर चढते हें विसरूं नये. शेवटचे बुडबुडे मास्टर सिलिंडरापाशींच अडकतात. नळीवर बोटानें टिचक्या मारीत, झांकण उघडें ठेवून लिव्हर थोडाथोडा हलविला तेव्हां डबींत बारीक फुगे आले. मग झांकण लावून लिव्हर रात्रभर मुठीस दोरीनें बांधून ठेवला. सकाळीं दोरी सोडली तों तो दगडासारखा घट्ट! प्रथम अंगणांत गाडी हातानें ढकलून, मग सावकाश चालवून पाहिली, आणि जोड पुन्हां कोरडा आहेसें पाहून मगच रस्त्यावर नेली.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांस एबीएस सक्तीचें झालें. अशा गाडींत हवा त्या यंत्राच्या आंत अडकूं शकते. वरील रीतीनें लिव्हर घट्ट न झाल्यास कंपनीच्या कार्यशाळेंत जावें. तेथें संगणक जोडून ती काढतात.

हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरूं शकतो. मग घाटाच्या उतारावर ब्रेक तापून तेलांतच वाफ होते आणि लिव्हर पुन्हां मऊ पडतो. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें, आणि बाटलींत उरलेलें अर्धें तेल पुढच्या वेळेस म्हणून फडताळांत ठेवूं नये.