ऋतू बदलला की रस्ता बदलतो

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरात राहणाऱ्याला ऋतूप्रमाणे वाट कशी बदलते, हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात सुसाट जाणारी गाडी पावसाळ्यात काळ्या रानात चाकापर्यंत रुतते. वीर आणि उजनी या धरणांतून पाणी सोडलं की नदीकाठच्या वाटाही बंद होतात.

२०१८ साली आलेल्या ‘फोर्झा होरायझन ४’ या शर्यतीच्या व्हिडिओ गेमचा गाभा हाच आहे. त्यात ब्रिटनचा मोकळा नकाशा आहे आणि दर गुरुवारी सगळ्या खेळाडूंसाठी एकदमच ऋतू बदलतो. हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्यावरून गाडी नेता येते. वसंतात चिखल आणि डबकी, उन्हाळ्यात रस्ते कोरडे. २०२१ च्या पाचव्या भागात मेक्सिको आहे. तिथले ओला, वादळी, कोरडा आणि उष्ण हे ऋतू आपल्याला जवळचे वाटतात.

खरा फरक पडतो तो टायरच्या पकडीत. प्रत्यक्षात कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.८ असतो, बर्फावर ०.१ च्या आसपास. म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर डांबरावर सुमारे ५० मीटरमध्ये थांबेल. बर्फावर जवळपास ४०० मीटर घसरत जाईल.

म्हणून खेळातही ऋतू पाहूनच गाडी निवडावी. चिखलात किंवा बर्फात चारही चाकांना ताकद देणारी गाडी आणि रॅलीचे टायर घ्यावेत, वळणाआधीच वेग कमी करावा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. नुसत्या वेगावर शर्यत जिंकता येत नाही; जमीन ओळखावी लागते.