अंगणातील प्रवाळभित्ती : तांबड्या समुद्राकाठचे पाणबुड्यांचे शिबिर

समुद्रतळाचे दर्शन घ्यावयाचे म्हणजे होडीतून दूरवर जावयाचे, अशी आपल्याकडील समजूत आहे आणि आपल्या किनाऱ्यापुरती ती बहुतांशी खरीही आहे. गोव्यात मुरगावच्या बाहेरील ग्रांदे बेटाकडे किंवा कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरील नेत्राणी बेटाकडे जाणाऱ्या हौशी पाणबुड्याला आधी होडीची वेळ, वारा आणि लाटा यांचा विचार करावा लागतो. इजिप्तच्या पूर्व किनाऱ्यावर, मर्सा आलम या गावाच्या उत्तरेस व दक्षिणेस मात्र अशी काही शिबिरे आहेत, की जेथे तंबूच्या दारातून निघालेला मनुष्य वाळूतून शे-दीडशे पावले चालून थेट प्रवाळांच्या भिंतीपाशी पोहोचतो. शिबिराच्या पुढ्यातील या भिंतीला तेथील लोक 'घरची भित्ती' म्हणतात. प्रस्तुत लेखकाने अशा एका शिबिरात आठ दिवस मुक्काम केला. अशी जागा कशी घडते, तेथे राहावयाचे कसे आणि तेथील शिस्त इतकी कडक का, हे वाचकांपुढे ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

प्रथम समुद्राविषयी. तांबडा समुद्र सुमारे २,२५० किलोमीटर लांब असून त्याची रुंदी कोठेही चारशे किलोमीटरांपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही काठांवर वाळवंट आहे. बारमाही वाहणारी एकही नदी त्यास मिळत नाही, पाऊस नाममात्र, आणि बाष्पीभवन प्रचंड. परिणामी या समुद्राचे पाणी इतर महासागरांपेक्षा अधिक खारट आहे; सर्वसाधारण समुद्राच्या एक हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात, तर येथे उत्तरेकडे ते ४० च्या घरात जातात. नद्या नाहीत म्हणजे गाळ नाही, आणि गाळ नाही म्हणून पाणी नितळ. मांडवी-जुवारीच्या मुखांशी पावसाळ्यात समुद्र कसा गढूळ होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक निराळा सांगावयास नको.

नितळ पाण्याचे महत्त्व केवळ पाहणाऱ्याच्या सोयीपुरते नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात व सूर्यप्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. त्या बळावर प्रवाळ चुन्याचा सांगाडा रचीत जातो. प्रकाश अडला की शैवालाचे काम थांबते, आणि वरून गाळ बसला की प्रवाळ गुदमरतो. म्हणूनच स्वच्छ, उबदार व उजेडी पाण्यात, किनाऱ्याला अगदी चिकटून, प्रवाळांची सलग पट्टी तयार होते. चार्ल्स डार्विन याने १८४२ मध्ये प्रवाळभित्तींचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील हा पहिला, म्हणजे तटलग्न भित्तीचा प्रकार होय.

येथे एक अडचण उभी राहते. भित्तीचा माथा ओहोटीच्या पातळीपर्यंत वाढलेला असतो. त्यावर जेमतेम गुडघाभर पाणी. पाठीवर जड सिलिंडर घेऊन या माथ्यावरून चालत जावे, तर पाय रक्तबंबाळ होतील आणि पायांखाली शेकडो वर्षांची वाढ चिरडली जाईल. मग समुद्रात उतरावयाचे कोठून? याचे उत्तर वाळवंटानेच देऊन ठेवले आहे. डोंगरांतून किनाऱ्याकडे येणाऱ्या कोरड्या नद्यांना अरबीत 'वादी' म्हणतात (आपल्याकडील वाडीशी या शब्दाचा काही संबंध नाही). हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली असताना या वाद्यांनी आपली पात्रे किनाऱ्यात खोल कोरली. पुढे समुद्र वर आला आणि त्या पात्रांत शिरला. आजही क्वचित कधी डोंगरात मुसळधार पाऊस झाला, तर वादीतून गोडे पाणी व चिखल यांचा लोंढा येतो आणि तेवढ्या भागात प्रवाळ धरत नाहीत. अशा रीतीने सलग भित्तीत मधूनमधून वाळूच्या तळाचे छोटे उपसागर राहिले. अरबीत त्यांना 'मर्सा' म्हणजे नांगर टाकण्याची जागा असे नाव आहे. शिबिर वसते ते अशा मर्साच्या काठी. वाळूवरून सावकाश पाण्यात शिरावयाचे, उपसागराच्या मुखापर्यंत पोहत जावयाचे, आणि तेथून डावीकडे वळले की उत्तरेची भिंत, उजवीकडे वळले की दक्षिणेची. घर, अंगण आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंस कुंपण, अशीच ही रचना.

या समुद्राशी मुंबईचा संबंध जुना आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुवेझला गेली, आणि त्याच सुमारास मुंबईच्या आरमारातील 'पॅलिन्यूरस' या जहाजावरून रॉबर्ट मोर्स्बी याने तांबड्या समुद्राचे तपशीलवार सर्वेक्षण केले. डार्विनने आपल्या ग्रंथासाठी मोर्स्बीच्या माहितीचा उपयोग केला आहे. नकाशे झाले तरी खडक हलत नाहीत, याचा प्रत्यय १८६९ च्या सप्टेंबरात आला. सुवेझहून मुंबईस निघालेली 'कर्नाटिक' ही बोट अबू नुहास येथील प्रवाळखडकावर चढली. दुसरे जहाज येईल या भरवशावर कप्तानाने उतारूंना बोटीवरच थांबविले. बोट दुभंगली आणि ३१ जणांचा अंत झाला. सुवेझचा कालवा खुला होण्यास तेव्हा अवघे दोन महिने उरले होते. आज त्या बोटीच्या सांगाड्यावरच प्रवाळ वाढले आहेत.

आता शिबिराकडे वळू. या भागातील पहिली शिबिरे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील. मर्सा आलमचा विमानतळ २००३ मध्ये सुरू होईपर्यंत बहुतेक लोक पावणेतीनशे किलोमीटरांवरील हुरघाडाहून मोटारीने येत. राहण्यास तंबू, झोपड्या किंवा दगडी खोल्या, जेवण सामुदायिक. गोडे पाणी वाळवंटात नसतेच, ते समुद्राच्या पाण्यापासून तयार करावे लागते; त्यामुळे स्नानाचे पाणी जपून वापरावे लागते. पाण्याकाठी एक मोठी शाकारलेली पडवी असते. तेथे प्रत्येकाची साधनांची पेटी, सिलिंडरांची रांग, साधने विसळण्याचे हौद, आणि एक फळा. हा फळा फार महत्त्वाचा. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक जोडीने आपली नावे, दिशा, निघण्याची वेळ आणि परतण्याची अपेक्षित वेळ त्यावर लिहावयाची व परत आल्यावर खूण करावयाची. एकट्याने जाण्यास मुभा नाही. पहिल्या दिवशी कितीही अनुभवी माणूस असो, त्याला वाळूच्या उथळ तळावर परीक्षेची बुडी मारून दाखवावी लागते.

सर्वाधिक गैरसमज आढळतो तो हवेच्या हिशेबाबाबत. सिलिंडरात प्राणवायू असतो असे आपण सहज म्हणतो; वस्तुतः त्यात गाळून दाबलेली साधी हवा असते. १२ लिटरच्या सिलिंडरात ती २०० पट दाबाने भरली, तर २,४०० लिटर हवा होते. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवून परतावयाचे, हा नियम. राहिले १,८०० लिटर. संथपणे पोहणाऱ्या माणसास पृष्ठभागावर मिनिटास सुमारे २० लिटर हवा लागते असे धरू. पाण्यात दर १० मीटरांस दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणून १० मीटरांवर तोच मनुष्य मिनिटास ४० लिटर, २० मीटरांवर ६० लिटर आणि ३० मीटरांवर ८० लिटर खर्च करतो. पहिल्या खोलीवर त्याला पाऊण तास मिळतो, दुसऱ्या खोलीवर अर्धा, आणि तिसऱ्या खोलीवर बावीस मिनिटांच्या आसपास. जितके खोल तितके अल्पायुषी, असे थट्टेने म्हणतात, पण हिशेब खरा आहे.

दुसरा हिशेब नायट्रोजनचा. वाढत्या दाबाखाली हा वायू रक्तात व ऊतींत विरघळतो. मनुष्य झटकन वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे ते शरीरात उठतात, आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. यावर उपाय म्हणजे सावकाश वर येणे, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबणे आणि दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती घेणे. घरच्या भित्तीचा मोह येथेच नडतो. होडीने जाणाऱ्यास दिवसातून दोन बुड्या मिळतात. येथे समुद्र दारात, सिलिंडर भरलेला आणि अडविणारे वेळापत्रक नाही. चौथ्या बुडीस निघालेल्यांना शिबिराचे मार्गदर्शक हटकतात, ते याच कारणाने.

प्रस्तुत लेखकाचीच एक चूक सांगतो. या किनाऱ्यावर वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो आणि भित्तीलगतचे पाणीही त्यामुळे दक्षिणेकडे सरकते. म्हणून जाताना प्रवाहाविरुद्ध जावे व दमल्यावर प्रवाहाबरोबर परतावे, असे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. तिसऱ्या दिवशी सोबत्यासह दक्षिणेच्या भिंतीने निघालो. पाणी आपोआप पुढे नेत होते, कासव दिसले, त्याच्या मागे थोडे अधिक गेलो. वळलो तेव्हा काट्यावर अर्ध्याहून कमी हवा होती. दहा मिनिटे पाय मारूनही तोच जांभळा प्रवाळ शेजारी होता. श्वास जलद होऊ लागला, आणि जलद श्वास म्हणजे आणखी खर्च. अखेर सोबत्याने वर येण्याची खूण केली. पाच मीटरांवर थांबून आम्ही वर आलो, नारिंगी फुगा उभा केला आणि तरंगत राहिलो. फळ्यावरील वेळ उलटून गेल्यामुळे रबरी होडी आमच्याच शोधात निघालेली होती. कोणी रागावले नाही. संध्याकाळी मार्गदर्शकाने इतकेच विचारले, "कासव किती मोठे होते?"

भिंतीवरील जीवसृष्टीचे वर्णन करावयास बसलो तर हा लेख पुरणार नाही. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून बारीक पांढरी वाळू टाकतो. आपण ज्या वाळूवर टॉवेल पसरतो तिचा बराच भाग असा तयार झालेला असतो. समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या बाहूंत विदूषक-मासा निर्धास्त राहतो. वाळूत निळ्या ठिपक्यांचा पाकट अंग पुरून बसतो. पाय टाकताना तळाकडे पाहावे ते त्याच्यासाठी. सिंहमासा दिसावयास देखणा, परंतु त्याचे काटे विषारी. नवा मनुष्य पहिल्या दिवशी रंग पाहतो. पाचव्या दिवशी त्याला अमुक कपारीतील गोबरा आणि तमुक छिद्रातील वाम ओळखू येऊ लागते. एकाच भित्तीवर पुनःपुन्हा जाण्याचा हा लाभ होडीच्या सफरीत क्वचितच मिळतो.

मात्र याच जवळिकीत भित्तीचा धोकाही आहे. हजारो पायपंखे एकाच दरवाजाने आत-बाहेर करणार. प्रत्येकाने एकच फांदी मोडली तरी प्रवेशाशेजारील भिंत काही वर्षांत ओकीबोकी होईल, आणि मग शिबिराला तेथे असण्याचे कारणच उरणार नाही. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात, गोलाकार प्रवाळ तर एखादाच. म्हणून कशासही स्पर्श करावयाचा नाही, माशांना खाऊ घालावयाचे नाही, शिंपला उचलावयाचा नाही. हातमोज्यांनाही मनाई आहे; हात सुरक्षित वाटला की मनुष्य धरू लागतो, हे त्यामागील साधे मानसशास्त्र. इजिप्तने १९८३ मध्ये संरक्षित क्षेत्रांचा कायदा केला. मर्सा आलमजवळील सामादाई या नालाकृती भित्तीत डॉल्फिनांचे कळप दिवसा विश्रांतीस येतात. तेथे पाहुण्यांची गर्दी असह्य झाल्यावर २००४ पासून पाण्याचे विभाग पाडून आतील भाग डॉल्फिनांसाठी राखून ठेवला आणि येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. तापणाऱ्या समुद्रावर मात्र कोणत्याही शिबिराचा फळा चालत नाही. पाणी नेहमीपेक्षा फार काळ उष्ण राहिले की प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि कालांतराने मरतो. उत्तरेकडील अकाबाच्या आखातातील प्रवाळ उष्णता अधिक सोसतात असे आढळले आहे. दक्षिणेकडे तितका दिलासा नाही.

आपल्या किनाऱ्यावर अशी दारातली भित्ती नाही. नद्या, पावसाळा आणि गाळ यांचा तो परिणाम आहे. परंतु प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, आणि २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. जेथे होडी नांगर टाकते त्या जागी कायमचा तरंडा बांधणे आणि उतरणाऱ्यांची नोंद फळ्यावर ठेवणे, या दोन गोष्टींना वाळवंट लागत नाही.

विमानात बसण्यापूर्वी अठरा तास सिलिंडर घेऊन बुडी मारावयाची नाही, असा संकेत आहे. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि शरीरातील उरलेला नायट्रोजन त्रास देतो. त्यामुळे शेवटचा दिवस साधने गोड्या पाण्यात विसळून वाळत घालण्यात गेला. मुखवटा व श्वासनळी घेऊन वरूनच भित्ती पाहण्यास हरकत नव्हती, म्हणून सूर्यास्तापूर्वी एकदा मुखापर्यंत जाऊन आलो. वाळूतील पाकट त्या दिवशी आपल्या जागी नव्हता.