विमानातले वाय-फाय येते कुठून?

विमान उंचावर गेले की जमिनीवरचे मोबाइल टॉवर प्रवाशाच्या फोनला उपयोगाचे राहत नाहीत. टॉवरच्या अँटेना किंचित खाली झुकवलेल्या असतात, कारण त्यांची गिऱ्हाइके रस्त्यावर आणि घरांत असतात. शिवाय उंचावरच्या फोनला एकाच वेळी कितीतरी टॉवर ‘दिसतात’ आणि ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगात ते भराभर मागेही पडतात. आपला फोन नेमका कोणी सांभाळायचा, हे ठरवण्यासाठी ही यंत्रणा बनलेलीच नाही. त्यामुळे विमानात इंटरनेट द्यायचे तर त्यासाठी वेगळी वाट तयार करावी लागते.

अशा वाटा दोन आहेत. पहिली जमिनीवरूनच वर जाते. खास टॉवर उभारून त्यांच्या अँटेना आकाशाकडे वळवायच्या आणि विमानाच्या पोटाखाली संदेश झेलणारी अँटेना बसवायची. अमेरिकेत ‘गोगो’ कंपनीने 2008 मध्ये अशी सेवा सुरू केली. सुरुवातीला साऱ्या विमानाला मिळून सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिट मिळत. या पद्धतीची खरी अडचण मात्र समुद्राची आहे. मुंबईहून दुबईला निघालेले विमान बहुतेक वेळ अरबी समुद्रावर असते आणि तिथे टॉवर उभारणार कुठे?

म्हणून जगभर भर आहे तो दुसऱ्या वाटेवर, म्हणजे उपग्रहावर. विमानतळावर उभी असलेली विमाने नीट पाहिली, तर काहींच्या पाठीवर एक गुळगुळीत उंचवटा दिसतो. हे अँटेनाचे झाकण. ते धातूचे करून चालत नाही, कारण धातू रेडिओलहरी अडवतो. आत एक चपटी अँटेना मोटरवर फिरत असते. विमान वळो, कलो, ढगांत हेलकावे खावो, तिचे तोंड उपग्रहाकडेच राहिले पाहिजे. बऱ्याच नव्या अँटेनांत मोटर नसते. शेकडो छोट्या घटकांना जाणाऱ्या संदेशांत वेळेचे सूक्ष्म अंतर ठेवून लहरींचा झोत हवा तिकडे वळवला जातो.

दूरसंचाराचे अनेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर असतात. तेथून ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे भासतात. प्रवाशाने मेसेज धाडला की तो आधी विमानातल्या वाय-फाय यंत्राकडे जातो, तिथून पाठीवरच्या अँटेनातून उपग्रहाकडे आणि उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्राकडे. खरे इंटरनेट सुरू होते ते या केंद्रापासून. उत्तर त्याच मार्गाने परत येते. एका प्रश्नोत्तरात उपग्रहापर्यंतचे अंतर चार वेळा कापावे लागते, म्हणजे सुमारे 1,43,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. मेसेज वाचताना हा उशीर जाणवत नाही, व्हिडिओ कॉलवर मात्र दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. यंत्र कितीही सुधारले तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही, कारण तो अंतराचा आहे.

उपाय एकच, उपग्रह जवळ आणणे. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथला उशीर डोळ्याची पापणी लवण्याहून कमी असतो. पण इतका खालचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. संपर्क अखंड ठेवायचा तर हजारो उपग्रह लागतात. 2024 मध्ये हवाईयन आणि कतार या विमान कंपन्यांनी ही सेवा सुरू केली. विमानातल्या इंटरनेटचे भविष्य याच कक्षेत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

विमानात इंटरनेट देण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र फसला होता. बोइंगची ‘कनेक्शन’ सेवा 2004 मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक–लॉस एंजेलिस विमानात सुरू झाली आणि 2006 मध्ये गुंडाळावी लागली. यंत्रे जड होती, ग्राहक थोडे होते. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन यायला अजून अवकाश होता.

भारतात परवानगीच उशिरा मिळाली. याबाबतचे नियम डिसेंबर 2018 मध्ये आले. त्यांनुसार भारताच्या हद्दीत विमान किमान 3,000 मीटर उंचीवर गेल्यावरच ही सेवा देता येते. 1 जानेवारी 2025 पासून एअर इंडियाने काही विमानांत देशांतर्गत उड्डाणांवर वाय-फाय सुरू केले. नोव्हेंबर 2024 मध्ये इस्रोचा जीसॅट-एन2 उपग्रह स्पेसएक्सच्या रॉकेटने अवकाशात गेला. सुमारे 4,700 किलो वजनाच्या या उपग्रहाच्या कामांत विमानातले इंटरनेटही आहे.

सेवा मिळाली तरी तिचा वेग नेहमी सारखा नसतो. उपग्रहाचा एक झोत मोठ्या प्रदेशावर पडतो आणि त्या प्रदेशातली सगळी विमाने तो वाटून घेतात. प्रत्येक विमानाच्या वाट्याचे पुन्हा दीड-दोनशे प्रवाशांत वाटप होते. म्हणून पहाटेच्या रिकाम्या विमानात भरभर चालणारे वाय-फाय सणासुदीच्या गर्दीत रेंगाळते. फोनवर वाय-फायच्या सगळ्या रेषा दिसत असूनही पान उघडत नसेल, तर फोनला दोष देऊ नये. त्या रेषा फोन आणि विमानातले यंत्र यांच्यातल्या काही मीटरच्या संपर्काच्या असतात. विमान आणि उपग्रह यांच्यातली वाट मोकळी आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत.